शिफ्टर नंतर, केबल आधी

जुनी पोलादी रोड बाइक हौसेनं बाळगणारी मंडळी अजून आहेत. 1980 च्या आसपासची सायकल, गिअरच्या दोन छोट्या लिव्हर खालच्या तिरप्या दांड्यावर. कात्रजच्या चढावर हँडल सोडून तिथं हात न्यायचा म्हणजे सायकल डुलायची, हे मला मान्य. म्हणून ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेले शिफ्टर हवेसे वाटतात. शिमानोनं ते 1990 मध्ये आणले, कॅम्पाग्नोलोनं 1992 मध्ये. घ्या, जरूर घ्या. माझं म्हणणं एवढंच, की आधी केबल बदला. आतली तार आणि बाहेरचं आउटर, दोन्ही.

वस्तू किरकोळ आहे म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. शिफ्टरला हजारो रुपये मोजायचे आणि त्याला जोडायची वर्षानुवर्षं पावसाळे खाल्लेली तार! मग महिनाभरात तक्रार, की यापेक्षा जुनंच बरं होतं. अहो, जुनं बरं का वाटत होतं, ते तरी बघा.

जुनी लिव्हर म्हणजे सारंगी. तिला पडदे नाहीत, सूर बोटानं शोधायचा. साखळी घासली की तुम्ही लिव्हर किंचित सरकवता आणि आवाज थांबतो. केबल गंजलेली असो, साखळी सरकवणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो मागचा हँगर जरासा वाकलेला असो, बोट सगळं सांभाळून घेतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही. नवा शिफ्टर म्हणजे पेटी. पट्टी दाबली की सूर ठरलेला. पेटी कुणासाठी वरखाली होत नाही, भजनाला बसलेल्यांनी तबला तिच्याशी मिळवायचा. इथं तबला म्हणजे तुमची केबल, हँगर, डिरेलर. तो उतरलेला राहिला तर लोक माना वळवून बघतात पेटीवाल्याकडे, आणि तुम्ही शिव्या घालता शिफ्टरला.

आकडाच सांगतो. 8 गिअरच्या शिमानो शिफ्टरची एक टिक मागची तार साधारण 2.8 मिलिमीटर ओढते. गंजानं तार अडखळली किंवा आउटर दबलं, तर त्यातला अर्धा मिलिमीटर वाटेतच जिरतो आणि साखळी दोन चकत्यांच्या मध्ये खरडत बसते. म्हणून केबल, केबल, केबल! आणि गिअरचं आउटर वेगळं असतं. त्यात पोलादी तारा लांबीच्या दिशेनं जातात. ब्रेकचं आउटर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, दाब आला की आखडतं. दुकानदार ब्रेकचंच गिअरला लावू लागला तर हात धरा. उलट, गिअरचं आउटर ब्रेकला तर कधीच नको. जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं.

बाकीचं भराभर. शिफ्टर 8 गिअरचा तर मागची कॅसेटही 8 चीच. 6-7 गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये मागच्या हबला जागा बहुधा 126 मिलिमीटर, 8 गिअरच्या हबला लागते 130. पोलादी फ्रेम जाणकाराकडून फाकवून घेता येते. ॲल्युमिनियमच्या वाट्याला जाऊ नका. असे शिफ्टर वापरलेले घेतलेत आणि खटका रिकामाच फिरतोय? फेकू नका. आतलं ग्रीस सुकून गोंद झालेलं असतं; पातळ तेलानं धुऊन काढलं की पुष्कळदा पुन्हा पकडू लागतं. डाव्या शिफ्टरचं प्रकरण निराळं, पुढं दोन चकत्या आहेत की तीन, यावर तो… पण स्टुडिओच्या काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत, ते राहू दे.

एक मात्र सांगतोच. या रविवारी शिफ्टर मागवण्याआधी आहे त्या सायकलला नवी तार आणि गिअरचं नवं आउटर घाला, हँगर सरळ करून घ्या आणि पंधरा दिवस चालवा. काहींना नव्या शिफ्टरची गरजच वाटणार नाही. ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल घ्यावेत. आणि केबल घरच्या पकडीनं तोडू नका, आउटर चेपतं. केबल कटर असलेल्या दुकानात जा आणि तारेच्या टोकाला टोपी लावून घ्या, नाहीतर ती उसवते आणि बोटात घुसते.