बालमंदिर आणि संस्थेची अब्रू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



बालमंदिराविषयी बोलावयाचे म्हणजे बडबडगीते, खेळणी आणि देणगीदारांचे आभार, असा आपला प्रघात आहे. आजचा विषय सभेत उच्चारण्यास संकोच वाटावा असा आहे. परंतु या संकोचाची किंमत लहान मुले मोजतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाने संतापलेले लोक रेल्वेमार्गावर उतरले. तेव्हा आपण सर्वांनीच त्या चालकांस दोष दिला. आम्हीही दिला, पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका बालवर्गाच्या समितीवर होतो. तेथील एक मुलगी, एका ठराविक सेवकाबरोबर शौचालयाकडे जावयाचे म्हटले की, दाराची चौकट घट्ट धरून रडत असे. तिची आई आमच्याकडे आली. "वहिनी, माणूस आपल्यातलाच आहे, घर ओळखीचे आहे, पोर हट्टी असेल," असे सांगून आम्ही तिची बोळवण केली. खरे काय होते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कारण आम्ही विचारलेच नाही. मुलीने शाळा सोडली. सेवक राहिला.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने आता असे मौन हाच गुन्हा ठरविला आहे. अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांस कळविलीच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'प्रथम कार्यकारिणीत मिटवून पाहू' अशी सवलत त्यात नाही. आणि पोरीला चावडीवर उभे करावे लागेल, ही भीतीही अनाठायी आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा आणि त्याचे नाव प्रसिद्ध होऊ नये, असे कायदाच सांगतो.

येत्या कार्यकारिणीपुढे आम्ही ठराव आणीत आहो: मुलांना शौचालयाकडे सेविकेनेच न्यावे, १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक दर्शनी भिंतीवर लावावा आणि प्रत्येक नोकराची पोलीस पडताळणी व्हावी. आमचा पुतण्या बालमंदिरात लेखनिक आहे. पहिला अर्ज त्याचा जाईल.