हार्ट अटॅकचं एक औषध आपल्यापर्यंत कसं पोहोचलं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण. वक्त्या सी विंगमधील रहिवासी असून हृदयरोग विभागातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय देताना बजावून सांगितलं, "सिस्टर, हृदयविकारावर बोला, पण तेल कमी खा आणि रोज चाला हे नको. ते आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळ-संध्याकाळ येतं." मला बरंच वाटलं. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर नाहीच नाही. मी 29 वर्षं आयसीसीयूत ड्यूटी केली. म्हणून मी एकाच औषधाची गोष्ट सांगणार आहे. ते मी माझ्या हाताने शेकडो पेशंटना लावलंय. ते कुठून आलं, कोणी शोधलं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर वाचलं आणि थक्क झाले.

मी 1987 साली त्या वॉर्डात रुजू झाले तेव्हा हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी आमच्याकडे काय होतं? पलंग, ऑक्सिजन, दुखणं थांबवायला मॉर्फिन, मॉनिटर, आणि ठोके बिघडले तर शॉक द्यायचं मशीन. हृदयाचा जो भाग मरत होता तो मरतच राहायचा. आम्ही फक्त पहारा द्यायचो. मग काही काळाने एक छोटी कुपी आली, आत पांढरी पावडर. स्ट्रेप्टोकायनेज. वॉर्डात सगळे एसटीके म्हणत. ती कुपी हलवायची नाही, फेस होतो. हळूच गोल फिरवून विरघळवायची. 15 लाख युनिट, एका तासात सलाईनमधून. तो तास आम्ही जागचं हलायचो नाही. बीपी खाली यायचं, हिरड्यांतून रक्त यायचं, ठोके मध्येच वेडेवाकडे पळायचे. आणि कधी कधी, अर्ध्या-पाऊण तासाने, कार्डिओग्रामवरची ती वर चढलेली रेघ खाली बसायला लागायची आणि पेशंट म्हणायचा, "सिस्टर, आता छाती मोकळी वाटतेय." पेशंट बरा होताना डोळ्यांना दिसायचा, असं आमच्या कामात फार कमी वेळा होतं.

तर ही पावडर आली कुठून? घसा दुखवणाऱ्या जंतूंपासून. स्ट्रेप्टोकॉकस. याच जातकुळीतल्या जंतूमुळे लहान मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात. म्हणजे एकाच घराण्यात हृदयाचा शत्रूही आणि मित्रही!

1933 साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट नावाचे डॉक्टर या जंतूंवर काम करत होते. हृदयाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा अंदाज होता की हे जंतू मिसळले तर रक्तातला द्रव गोठणार नाही. करून पाहिलं, तर तो मस्त गोठला. अंदाज चुकला. नळ्या तशाच स्टँडमध्ये राहिल्या, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर गोठलेलं सगळं पुन्हा पातळ झालेलं! जंतूंमधून काहीतरी सुटत होतं आणि ते गुठळी विरघळवत होतं. नळ्या लगेच धुवायला टाकल्या असत्या तर काय झालं असतं, असा विचार मनात येतोच.

पुढे टिलेट आणि सोल शेरी यांनी ते शुद्ध करून छातीच्या पोकळीत रक्त किंवा पू साठून घट्ट झालेल्या पेशंटना दिलं. हे 1940 च्या दशकातलं. 1958 मध्ये शेरींच्या गटाने ते हार्ट अटॅकच्या पेशंटना शिरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे मी जन्मायच्या आधी! मग माझ्या वॉर्डात यायला तीस वर्षं का लागली?

एक कारण असं की गुठळीबद्दल डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. मेलेल्या पेशंटच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडायची, पण ती अटॅकमुळे झाली की तिच्यामुळे अटॅक आला, यावर वाद होता. अटॅक चालू असताना आत नळी घालून बघायची कोणाची छाती नव्हती. 1980 साली अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी बघितलं. अटॅक सुरू झाल्यापासून चार तासांत ज्यांची अँजिओग्राफी केली, त्यांच्यात 87 टक्के जणांची रक्तवाहिनी पूर्ण बंद सापडली. उशिरा तपासलेल्यांत हे प्रमाण कमी होतं. म्हणजे गुठळी आधी. वाद मिटला.

दुसरं कारण मला जास्त लागलं. या औषधाचे प्रयोग 1959 पासून देशोदेशी चालू होते, पण छोटे छोटे. इथे शंभर पेशंट, तिथे दोनशे. काहींत फायदा दिसायचा, काहींत नाही. शिवाय औषध पुष्कळदा उशिराच दिलेलं. प्रत्येक जण आपापल्या आकड्याकडे बघून म्हणायचा, नक्की सांगता येत नाही. आपल्याकडे नाही का, प्रत्येक विंगने पाण्याची तक्रार वेगवेगळी केली तेव्हा प्लंबर प्रत्येक विंगमध्ये वायसर बदलून गेला, आणि सगळ्या तक्रारी एका कागदावर मांडल्यावर कळलं की टाकीतच घोळ आहे. तसंच. 1992 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ते सगळे जुने प्रयोग, एकूण 33, तारखेप्रमाणे ओळीने लावून बेरीज केली. निघालं काय? 1973 पर्यंतचे आठ प्रयोग, 2,432 पेशंट, एवढ्यावरच सिद्ध होत होतं की हे औषध जीव वाचवतं. 1973! बेरीज कोणी केली नव्हती म्हणून पुढची कितीतरी वर्षं गेली. त्या वर्षांत किती माणसं गेली असतील, मी मोजायचा प्रयत्न करत नाही.

शेवटी बेरीज नव्हे तर मोठे प्रयोगच करावे लागले, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आधी इटलीने केलं. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेने आणि तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून 176 हृदयरोग कक्ष एकत्र आणले, 11,806 पेशंट. त्याचा निकाल 1986 मध्ये आला. त्यातला एक आकडा लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे: दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू 47 टक्क्यांनी कमी झाले. सगळे पेशंट मिळून पाहिलं तर फायदा बराच कमी होता, साधारण 18 टक्के.

मग ऑक्सफर्डहून पीटर स्लाइट, रॉरी कॉलिन्स आणि रिचर्ड पेटो यांनी आयसिस-2 नावाचा प्रयोग चालवला. 16 देश, 417 हॉस्पिटलं, 17,187 पेशंट. त्यांची युक्ती साधी होती. कागदपत्रं अगदी कमी ठेवली, म्हणजे रात्रपाळीचा दमलेला डॉक्टरसुद्धा फोन करून पेशंट नोंदवू शकेल. मी रात्रपाळ्या केल्यात, मला याची किंमत कळते! पेशंटचे चार गट होते: एकाला स्ट्रेप्टोकायनेज, एकाला रोज अर्धी अ‍ॅस्पिरिन महिनाभर, एकाला दोन्ही, एकाला दोन्ही खोटं. म्हणजे गोळी दिसायला तशीच, सलाईन दिसायला तसंच, आत औषध नाही.

ऑगस्ट 1988 मध्ये निकाल छापून आला. पाच आठवड्यांत, ज्यांना दोन्ही खोटं मिळालं त्यांच्यातले 568 जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेले. दोन्ही औषधं मिळालेल्यांतले 343. दोन्ही गट साधारण 4,300 जणांचे. फरक 225 माणसांचा. आपल्या या सभागृहात आत्ता एवढी माणसं नाहीत. आणि त्यातला अर्धा वाटा त्या चार-आठ आण्यांच्या अ‍ॅस्पिरिनचा! जवळपास शंभर वर्षं डोकेदुखीसाठी घरोघरी होती ती.

जरा गंमत सांगते. छापताना संपादकांनी आग्रह धरला की अमुक वयात किती फायदा, तमुक प्रकारात किती, असे पेशंटचे तुकडे पाडून दाखवा. संशोधक म्हणाले, दाखवतो, पण राशीप्रमाणेही दाखवणार. आणि छापलं की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसत नाही, बाकी सगळ्यांना भरपूर होतो! (जन्मतारखेवरून धरतात ती रास बरं का, पत्रिकेतली नव्हे. सुटकेचा निःश्वास कोण टाकतंय ते मला इथून दिसतंय.) सांगायचं होतं इतकंच, की आकड्यांचे फार बारीक तुकडे पाडले तर काहीही सिद्ध होतं. मिथुन राशीवाल्यांनाही अ‍ॅस्पिरिन तितकीच लागू पडते.

त्या 17,187 जणांची नावं कुठे छापलेली नाहीत. छातीत कळ चालू असताना ते आले, कोणाला खरं औषध मिळालं, कोणाला खोटं. काहींना औषधामुळे मेंदूत रक्तस्रावही झाला, तेही प्रामाणिकपणे मोजलं गेलं. पुढे मी जेव्हा ती कुपी हातात गोल फिरवत होते, तेव्हा किती रक्तस्राव होऊ शकतो आणि तरी का द्यायचं, हे आमच्या डॉक्टरांना त्या लोकांमुळे माहीत होतं. पेशंटवर "प्रयोग" झाला म्हटलं की आपण कपाळाला आठ्या घालतो. घालाव्यातही, प्रश्न विचारावेत, सही करण्याआधी कागद वाचावा. पण घरातली प्रत्येक गोळी कोणावर तरी अशी तोलून झालेली आहे.

आता परिस्थिती बदलली आहे. शक्य तिथे थेट अँजिओप्लास्टी करून गुठळी काढतात आणि ती जास्त चांगली. पण ती सोय प्रत्येक तालुक्याला नाही, म्हणून लहान हॉस्पिटलमध्ये आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि मग मोठ्या हॉस्पिटलला रवानगी, अशी पद्धत आपल्याकडे आहे. टेनेक्टेप्लेज नावाचं नवं इंजेक्शन तर एका दमात देता येतं, तासभर सलाईन नको. जुनं स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त; ते देशातच बनवण्याचं तंत्र चंडीगडच्या आयएमटेक संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या गटाने विकसित केलं. याचाही मला अभिमान वाटतो.

आता तो 47 चा आकडा. पहिला तास. हा तास हॉस्पिटलात जात नाही हो, घरात जातो. आपल्या ए विंगमधले काका समोर बसलेत, त्यांच्या परवानगीने सांगते. रात्री साडेअकराला छाती भरून आली, डावा हात जड. त्यांना वाटलं पित्त. ओवा खाल्ला, इनो घेतला, शतपावली केली. मुलाला सकाळची लवकरची गाडी, म्हणून उठवलं नाही. सकाळी सहाला वहिनी माझ्या दारात आल्या. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी ते खाली येऊ शकत नाहीत. आज आलेत, कारण लिफ्ट चालू आहे.

म्हणून सांगते. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, कारण नसताना धाप, आणि बायकांना किंवा मधुमेह असलेल्यांना नुसता विलक्षण थकवा किंवा मळमळसुद्धा. पंधरा मिनिटं वाट बघून ओवा चघळायचा नाही. 108 ला फोन. त्याच फोनवर अ‍ॅस्पिरिनचं विचारा. अ‍ॅलर्जी नसेल, अल्सर नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ते चावून खायला सांगतील. नुसती गिळू नका, चावली की लवकर लागू पडते. आणि गोळी खाल्ली म्हणून घरी थांबायचं नाही. स्वतः स्कूटर काढून तर मुळीच जायचं नाही.

राहिलं आपल्या आवाराचं. गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी वॉचमनदादांना घेऊन मी घड्याळ लावून पाहिलं. मेन गेटपासून सी विंगच्या दारापर्यंत मोठी गाडी आणायला सात मिनिटं लागली, कारण दोन गाड्या आडव्या लावलेल्या होत्या आणि त्यांचे मालक वर जेवत होते. कोणाच्या ते मी सांगत नाही, त्यांना ठाऊक आहे. वळणावरच्या त्या दोन जागा पिवळ्या रंगाने आखून मोकळ्या ठेवाव्यात, असं पत्र मी कमिटीला दिलंय. आणि आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, हेही मोजून झालंय. चाकाची खुर्ची मावते. ती घेतलीत तर वॉचमनच्या केबिनमागे ठेवायला जागा आहे. तिथले जुने गणपतीचे मखर तेवढे हलवावे लागेल.