कबुली स्वस्त, बचाव महाग

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील हेल्मेट न घालण्याचा दंड शंभरावरून हजार रुपयांवर नेला. मोटारमालकाला अशी रक्कम किरकोळ. जुन्या दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या गवंड्याची मात्र तेवढ्यात मजुरी बुडते. आरोप अमान्य असेल तर न्यायालयात जावे, असे त्यास सांगितले जाते. पण तारखेला हजर राहणे म्हणजे आणखी एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडणे. तारीख पुढे पडली की दोन दिवस. गुन्हा कबूल करणाऱ्यास कलम २०८ प्रमाणे टपालाने दंड भरून मोकळे होता येते. खेटे घालावेत ते निर्दोषाने! फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तूर्त चलान नाकारणाऱ्यांची सुनावणी कामाच्या वेळेनंतर, सायंकाळी ठेवावी, एवढी तरी मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी.