पाहुणे बोलावण्याचे शिक्षण

आपल्या विद्यापीठांतून पर्यटनशास्त्र शिकणारे विद्यार्थी वर्षाखेरीस जो प्रकल्प सादर करतात, त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो: एखादे स्थळ निवडावयाचे, त्याला एक घोषवाक्य द्यावयाचे, छायाचित्रे व चित्रफिती जमवून जाहिरातीची योजना आखावयाची, आणि अखेरीस पर्यटक अमुक टक्क्यांनी वाढतील असा आकडा मांडून मोकळे व्हावयाचे. शाश्वत पर्यटन त्यांना शिकविले जात नाही असे नाही. परंतु ते निराळ्या सत्रात, निराळ्या उत्तरपत्रिकेत असते, आणि ह्या दोन उत्तरपत्रिकांची गाठ पडत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की स्थळाची जाहिरात शिकविताना, त्या स्थळाला पाहुणे किती सोसतील, हा प्रश्न पहिल्या तासालाच विचारला गेला पाहिजे.

घरी कार्य निघाले म्हणजे वडीलधारी माणसे आमंत्रणाच्या यादीआधी पंगतीचा हिशेब मांडतात. अंगणात एका वेळी पाने किती बसतील, वाढपी किती, विहिरीला पाणी किती, उष्टी कोण काढणार, ह्या सर्वांची तजवीज झाली म्हणजे मगच अक्षत गावात फिरते. आम्ही विद्यार्थ्यांना अक्षत फिरविण्याची कला मोठ्या कौशल्याने शिकवितो. पाने मोजण्यास मात्र शिकवीत नाही.

साताऱ्याजवळचे कासचे पठार घ्या. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे, आणि त्यानंतर भाद्रपदातील सुट्टीच्या दिवशी तेथे काय गर्दी लोटते ते आपण जाणताच. आता ही पंगत बसते कशावर ते पाहा. खाली जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, आणि पावसाळ्यात त्या मातीत मुरून राहिलेले पाणी. तिच्यातच ‘सीतेची आसवे’ उगवतात. मातीत पोषण इतके तोकडे की हे नाजूक निळेजांभळे फूल धरणारी वनस्पती जमिनीतल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागविते. छायाचित्रासाठी कोणी तेथे गुडघा टेकला, की ती बोटभर मातीच दडपली जाते. म्हणून दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क, आणि भोवतालच्या गावकऱ्यांच्या समितीकडे व्यवस्था, असा बंदोबस्त करावा लागला. पाने मोजली गेली; पण अक्षत फिरून गेल्यावर.

कोणी म्हणेल, विपणनाच्या वर्गात ह्याचे काय काम? फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही ह्यांनी १९७१ सालीच मांडून ठेवले आहे की मागणी आवरणे हेही विपणनाचेच अंग आहे. सुट्टीचा पाहुणा आठवड्याच्या मधल्या वारी वळविणे, जागा भरली असल्यास तसे साताऱ्यातच कळविणे, फुले यंदा उशिरा आहेत हे जाहिरातीत स्वच्छ लिहिणे, ह्यास घोषवाक्य रचण्याहून अधिक बुद्धी लागते. पहिली पंगत उठेपर्यंत पाहुण्यांना ओसरीवर मानाने बसवून ठेवणे हे काय सोपे काम आहे?

पुन्हा सांगतो, कारण हेच नेमके निसटते: संख्या आधी, घोषवाक्य मागून. आणि ती संख्या पुस्तकात सापडत नाही. ती गावाला विचारावी लागते. कासला जाळीचे कुंपण घातले गेले, तेव्हा ते संरक्षणाचेच काम वाटले. परंतु गुरे चरल्याने गवत आटोक्यात राहते आणि लहान फुलझाडांना ऊन मिळते, असे सांगत पुढे अभ्यासकांनीच त्या कुंपणास हरकत घेतली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्या माणसाशी जो विद्यार्थी दोन घटका बोलला नाही, त्याने शाश्वततेवर वीस पाने लिहिली तरी मी त्यास गुण देताना हात आखडता घेईन, आणि त्यात माझे त्याच्यावरचे प्रेमच असेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासविषयी सविस्तर बोलावयाचे होते. तेथे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास येणारे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात. आणि अमुक दिवशी पिल्ले निघतीलच असे वचन तेथे कोणालाही देता येत नाही. असे वचन न देता पाहुणा कसा बोलवावा, हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि मला दिलेली मिनिटे सरत आली आहेत. तेव्हा अभ्यासमंडळांवरील माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती करतो: येत्या वर्षी दोन्ही विषयांचा प्रकल्प एकच ठेवा, आणि विद्यार्थ्यांना कासला फुलांच्या हंगामात नव्हे, तर वैशाखात पाठवा, तेव्हा पठार उघडे असते आणि गावकऱ्यांना बोलावयास सवड असते.