रोप मूळ धरतं तेव्हा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बँकेच्या नोकरीत बदल्या माझ्या पाचवीला पुजलेल्या. निवृत्तीनंतर कुंड्यांचा नाद लागला आणि जाणवलं, जागा बदलून जगायची कला झाडांना आपल्याआधीच अवगत आहे.

खाडीकाठचा कांदळ बघा. त्याचं बी आईच्या अंगाखांद्यावरच रुजतं. वीतभर कोंब झाला की चिखलात पडतं, नाहीतर भरतीबरोबर दूर जातं. म्हणजे आई शिदोरी बांधूनच पोराला बाहेर पाठवते. गावातली शाळा, हातातलं कसब, ही माणसाची शिदोरी.

पण नुसती शिदोरी पुरत नाही. भाताचा तरवा उपटून लावतात, त्याआधी खाचरात चिखलणी होते. लावल्यावर रोप चार दिवस पिवळं पडतं. शेतकरी काही म्हणत नाही की हे इथलं नव्हे! तो बांध नीट करून पाणी धरून ठेवतो. मग रोप मूळ धरतं.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे ४५ कोटी माणसं स्थलांतरित होती. त्यात लग्न होऊन सासरी आलेल्या भगिनी सर्वांत जास्त. म्हणजे या विषयातल्या तज्ज्ञ समोरच बसल्या आहेत! परकेपणाचं म्हणाल, तर मिरचीही पोर्तुगीजांनी परदेशातून आणली. आज तिच्याशिवाय आपला ठेचा होतो का?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावाकडे निघालेले आपण पाहिले. कित्येकांची वर्षं शहरात गेली होती, पण रेशनकार्ड गावाकडचं. मूळ धरलेलंच नव्हतं.

आता गावाकडच्या रेशनकार्डावर इथेही धान्य मिळू शकतं. शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, तसं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. पुरेशी कागदपत्रं नसली तरी बँकेत छोटं खातं उघडता येतं. पण आपले वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या ताई यांना हे कोणी सांगितलंय का?

म्हणून माझी एक सूचना. महिन्यातून एक रविवार सोसायटीच्या ऑफिसात टेबल टाकून आपण निवृत्त मंडळींनी बसावं, त्यांचे अर्ज भरून द्यावेत. पहिल्या रविवारी मी बसतो. खर्च फक्त पेनाचा आणि चहाचा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपणही वेगवेगळ्या गावांहून इथे आलो. आपली मुळं धरली. आता थोडं पाणी दुसऱ्यांच्या खाचरात सोडू या.