रक्ताची तपासणी आणि मदतीचा हक्क

(मनोविकार व आत्महत्या या विषयावर वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मी अर्थशास्त्राचा निवृत्त अध्यापक. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि आजच्या विषयात शरीरशास्त्राइतकाच हिशेबाचा आणि वाटपाचाही प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

ज्या घरात कुणी मनोविकाराने पीडित आहे त्या घराला एक धास्ती अहोरात्र असते: हा माणूस आपल्या जिवाचे काही बरेवाईट तर करणार नाही ना? रक्तातील साखर मोजता येते, मग हा धोका का मोजता येऊ नये? प्रश्न अगदी रास्त आहे आणि गेली पन्नास वर्षे शास्त्रज्ञ त्याचे उत्तर शोधीत आहेत.

१९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑस्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खिन्नतेच्या रुग्णांच्या मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी केली. सेरोटोनिन या रसायनाच्या विघटनातून उरणारा पदार्थ ज्यांच्यात कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न अधिक आढळले. दुसरी वाट कॉर्टिसॉल या संप्रेरकाची. डेक्सामेथासोन हे औषध दिल्यावर निरोगी माणसात ते उतरते, काही रुग्णांत उतरत नाही. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ७८ रुग्णांचा सुमारे पंधरा वर्षे मागोवा घेतला होता. ज्यांच्यात ते उतरले नाही त्यांच्यात आत्महत्येचा धोका २६.८ टक्के, इतरांत २.९ टक्के असा अंदाज निघाला.

या संशोधनाचे मोल मी कमी लेखीत नाही. आत्महत्येचा विचार मनात येणे म्हणजे भ्याडपणा, पाप किंवा पूर्वजन्मीचे भोग, असे म्हणणाऱ्या समाजाला त्याने दाखवून दिले की, या यातनेला शरीराचाही आधार आहे. परंतु वरचाच आकडा पुन्हा पाहा. तपासणीत धोका दिसलेल्यांपैकीही सुमारे तीन-चतुर्थांश माणसे त्या वाटेला जाणार नाहीत, असाच त्याचा अर्थ होतो.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. एक लाख रुग्ण आहेत आणि त्यांपैकी २०० जण वर्षभरात जीव देणार आहेत असे समजा. आपल्या हाती उत्तम चाचणी आहे: ती खऱ्या धोक्यातील शंभरांपैकी ८० जणांना ओळखते आणि धोका नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांना बिनधोक ठरविते. म्हणजे २०० पैकी १६० सापडतील, ४० निसटतील. आणि उरलेल्या ९९,८०० पैकी ९,९८० जणांवर विनाकारण शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या सुमारे ६३ जणांमागे एक खरा. घटना विरळ असली की चांगली चाचणीही अशी फसते. २०१७ साली जोसेफ फ्रँकलिन व सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तोवर वापरलेल्या धोकासूचक घटकांवरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा फारसे सरस नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे गणित आपल्याला परके नाही. १९९७ साली रेशनव्यवस्था 'लक्ष्याधारित' झाली, तेव्हा खरा गरीब कोण हे ठरविण्याच्या खटाटोपात कितीतरी गरीब यादीबाहेर राहिले. याउलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग धरला. जो काम मागेल त्याला काम. मागणी हीच गरजेची खूण. मनोविकाराच्या बाबतीतही हेच तत्त्व हवे, असे माझे प्रतिपादन आहे. जो यातना सांगेल त्याला उपचार मिळाला पाहिजे. त्यासाठी रक्ताचा दाखला मागण्याचे कारण नाही.

या मार्गाने जीव वाचतात याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार दिले. काहींशी त्याशिवाय तासभर बोलणे झाले आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा, फोनवर किंवा घरी जाऊन, विचारपूस झाली. पहिल्या गटात २.२ टक्के लोकांनी पुढे आत्महत्या केली, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. आपल्या विदर्भातील 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले गेले. खिन्नतेने ग्रस्त असून मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. औषधांचेही महत्त्व आहे. लिथियम आणि क्लोझापिन यांनी विशिष्ट विकारांत आत्महत्येचा धोका कमी होतो. ती सुरू असताना रक्त नियमित तपासावे लागते. रक्ततपासणीचा हा उपयोग साधा आहे, पण खात्रीचा आहे.

१९८५ सालचे एक प्रकरण सांगतो. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई अपघातात डोक्याला मार बसून मनोरुग्ण झाला होता. पत्नीला भाजीच्या गाळ्याचा परवाना मिळावा म्हणून तो महापालिकेच्या दारी गेला. भेट नाकारली गेली, तेव्हा त्याने तिथेच जीव देण्याचा प्रयत्न केला. आजार ठाऊक होता, गरज तर तो स्वतः सांगत होता. तरी त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ साली न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते ३०९ वे कलमच घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरविले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते सरसकट कलम उरलेले नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. देशभरच्या नोंदींत एक चतुर्थांशाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. वसई-विरारची लोकसंख्या २०११ सालीच बारा लाखांवर होती. येथल्या रुग्णाला ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे तर लोकलने दादरला जाऊन गाडी बदलावी लागते किंवा घोडबंदरचा रस्ता धरावा लागतो. रुग्णाचा एक रोज बुडतो, सोबत्याचा दुसरा. तिसऱ्या खेपेला औषध सुटते ते यामुळे.

म्हणून आपण तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. मनोविकाराची औषधे घराजवळच्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य आणि अखंड मिळावीत. मनोरुग्णालयातून घरी परतल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. त्या काळात प्रत्येक रुग्णाची घरी जाऊन विचारपूस करणारा पगारी आरोग्यसेवक असावा. आणि १४४१६ हा 'टेलिमानस'चा विनामूल्य क्रमांक प्रत्येक रेशन दुकानात, शाळेत आणि कारखान्याच्या फाटकावर लागावा. पहिल्या दोन मागण्या सरकारदरबारी लढून मिळवाव्या लागतील. तिसरे काम मात्र येथे बसलेल्या मंडळींना उद्यापासून हाती घेता येईल, आणि ते आपण घ्यावे, अशी माझी विनंती आहे.