रात्री वॉर्डात कोण असतं?

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो,

तुमच्यातल्या अनेकांच्या मनात आत्ता नीट-पीजीची रँक आहे, अखिल भारतीय कोटा की राज्याचा कोटा हा घोळ आहे, आणि एम.डी. मेडिसिनसाठी कोणतं कॉलेज वर टाकायचं याची घालमेल आहे. माझं सगळं आयुष्य मेडिसिन शिकवण्यात गेलं. तेव्हा आज फक्त या निवडीबद्दलच बोलतो.

पसंतीक्रम बहुतेक वेळा कट-ऑफवरून ठरतो. गेल्या वर्षी जी जागा आधी भरली, ती चांगली. पण कट-ऑफवरून एवढंच कळतं की तुमच्या आधीच्यांनी काय निवडलं. तिथे तीन वर्षांत ते काय शिकले, हे त्यावरून कळत नाही. तुम्ही अर्जात कॉलेजचं नाव भरता, पण तुमचे दिवस आणि रात्री जाणार असतात त्या कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात. कधी एका रुग्णालयात, कधी तीन-चार रुग्णालयांत.

मुंबईचंच पाहा. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. त्या एका नावाखाली जे.जे., सेंट जॉर्ज, गोकुळदास तेजपाल (जी.टी.) आणि कामा अशी रुग्णालयं वर्षानुवर्षं नांदली. २०२४ मध्ये मुंबईत नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जी.टी. व कामा त्याला जोडली गेली. म्हणजे पाच वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या सीनियरनं दिलेला सल्ला आज जसाच्या तसा चालणार नाही. नायर रुग्णालयाचं टोपीवाला कॉलेज १९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीतून उभं राहिलं. केईएम रुग्णालय आणि त्याचं सेठ जी. एस. कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले ते अध्यापक भारतीयच असावेत, या देणगीदारांच्या अटीवर. हा इतिहास ऐकताना माझी मान आजही ताठ होते. पण त्या वॉर्डात या महिन्यात कोणते रुग्ण आहेत, हे विचारायला तुम्हाला आजच तिथे जावं लागेल. कारण रुग्णालय बदलतं. एप्रिल २०२० मध्ये नायर संपूर्ण कोविड रुग्णालय झालं. त्या तुकडीच्या निवासी डॉक्टरांनी जे सोसलं त्याला तोड नाही. पण इतर आजारांचे रुग्ण त्यांच्यासमोर कमालीचे घटले आणि तेवढं शिक्षण त्यांना पुढे स्वतःच भरून काढावं लागलं.

आता रुग्णांबद्दल. मेडिसिन पुस्तकातून शिकता येत नाही, आणि प्रत्येक रुग्णालयाचे रुग्ण वेगळे. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय धारावीच्या शेजारी आहे. तिथे क्षयरोगाची जितकी रूपं दिसतील तितकी कोणत्याही ॲटलासमध्ये नाहीत. पावसाळ्यात मुंबईच्या साऱ्या महापालिका रुग्णालयांत मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसच्या (लेप्टोच्या) रुग्णांनी खाटा भरतात, खाली गाद्या पडतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची जी साथ आली, ती ज्यांनी वॉर्डात पाहिली ते कावीळ आणि कमी झालेली लघवी आयुष्यभर एकत्रच वाचतील. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जा. तिथे साप चावलेला शेतमजूर येतो, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी येतो, सिकलसेलचं दुखणं घेऊन तरुण मुलगी येते. मुंबईत शिकणाऱ्याला हे रुग्ण क्वचित भेटतात.

यातलं श्रेष्ठ कोणतं, असं मला विचारू नका. तुम्हाला पुढे कुठे काम करायचं आहे ते आधी ठरवा. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला शिकले आणि महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होते. मग त्यांनी पुण्यात बी. जे.ला एम.डी. केलं आणि परत महाडलाच आले. विंचूदंशात प्राझोसिन हे औषध कसं वाचवतं, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. एम.डी.ला जाताना प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होता. तुमच्याही मनात एखादा असेल, तर निवड निम्मी सोपी होते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘तिथे सगळ्या सुपरस्पेशालिटी आहेत’ हे मुलं फायदा म्हणून सांगतात. कार्डिऑलॉजी, न्यूरॉलॉजी, नेफ्रॉलॉजी आहे, म्हणजे चांगलं शिकायला मिळणार. मिळतंही. पण छातीत दुखणारा रुग्ण कॅज्युअल्टीतून थेट कार्डिऑलॉजीकडे जात असेल, तर मेडिसिनच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला तो फक्त त्या पोस्टिंगच्या काही आठवड्यांत दिसणार. जिथे तो विभाग नाही, तिथे रात्री दोन वाजता ईसीजी वाचायचा तुम्ही, थ्रॉम्बोलिसिसचा निर्णय घ्यायचा तुम्ही, आणि नातेवाइकांशी बोलायचंही तुम्हीच. हात पक्का होतो तो असाच. पण त्या क्षणी तुमच्या वर कुणी नसेल, तर चूकही पक्की होते. चुकीचं निदान सकाळी कुणी दुरुस्त केलं नाही, तर तेच निदान तुम्ही पुढची वीस वर्षं करत राहता.

म्हणून दोन रुग्णालयांची तुलना करताना माझा पहिला प्रश्न असा असतो: रात्री दोन वाजता हाउसमनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, वर कोण असतं? रजिस्ट्रार वॉर्डात असतो की फोनवर? लेक्चरर येतो का? इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी बॉस प्रत्येक नव्या रुग्णाजवळ उभे राहून तपासतात, की केसपेपर पाहून पुढे जातात? रात्रीचं सॅम्पल लॅबपर्यंत वॉर्डबॉय मामा नेतात की तुम्हीच पळता? आणि रुग्ण दगावला तर त्याची चर्चा होते का? केईएमच्या पॅथॉलॉजी विभागानं शवविच्छेदनाची परंपरा दीर्घकाळ जपली. रुग्णाच्या मृत्यूनंतर आपलं निदान तपासून घेण्याची संधी ज्या विभागात मिळते, तो मला नेहमीच वरचा वाटतो.

तासांबद्दलही विचारा. सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम नसावं, असं केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटलं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेतल्या मुलांना विचारा. कडी लागणारी ड्युटी रूम आहे का, तिथे झोपता येतं का, रात्री वॉर्डाच्या दारात सुरक्षारक्षक असतो का, हेही विचारा, आणि मुलग्यांनीही विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, ड्युटीवर असलेल्या आपल्या एका भगिनीबरोबर जे घडलं, त्यानंतर हे प्रश्न विचारायला कुणी संकोच करू नये.

तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम आता अनिवार्य आहे. तो कोणत्या जिल्हा रुग्णालयात होतो, तेवढं पाहून ठेवा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनाही हेच सांगेन. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांचा काळ बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या रुग्णालयात वाटला जातो. नाव एकच, पण शिकणं तीन प्रकारचं. तुमच्या वाट्याला कोणतं किती महिने येणार, हे मुलाखतीत मोकळेपणानं विचारा.

ही उत्तरं वेबसाइटवर मिळत नाहीत. पसंतीक्रम लॉक करण्याआधी त्या रुग्णालयात जा. इमर्जन्सीच्या दिवशी जा, रात्री दहानंतर वॉर्डाबाहेर उभे राहा. पहिल्या वर्षाचा डॉक्टर थकून गेलेला असतो आणि तिसऱ्या वर्षाच्या डोक्यात परीक्षा असते, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला गाठा. त्याला विचारा, गेल्या दोन वर्षांत या विभागातून जागा सोडून किती जण गेले आणि का गेले.

शेवटची विनंती माझ्या सहकारी विभागप्रमुखांना आहे. ही मुलं तुमच्या दारात येतील तेव्हा त्यांना अडवू नका. त्यांना राउंडला उभं राहू द्या. तुमच्या निवासी डॉक्टरांना त्यांच्याशी खरं बोलू द्या, आणि खरं बोलल्याबद्दल त्यांच्यापैकी कुणालाही त्रास होणार नाही, याची जबाबदारी तुम्ही स्वतः घ्या.